रंग नावाचा माणूस

सगळ्यात आधी एक कबुली देते. माझं शिक्षण पहिलीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं. घरी आम्ही मराठीच बोलतो, पण लिहायची वेळ आली की हात अडखळतो. ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका! त्यामुळे मॅगझिनसाठी लेख मागितले तेव्हा मी गुपचूप इंग्रजी विभागाकडे पळ काढणार होते. पण माझ्या रूममेटने अडवलं. ती डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेली, दहावीपर्यंत पक्की मराठी माध्यमवाली. चुका मी तपासते, तू फक्त लिही, असं तिने बजावलं आणि मी फसले. तर आता वाचा!

विषय मला सापडला गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत. खालापूर तालुक्यातल्या एका टेस्टिंग लॅबमध्ये मी इंटर्नशिप करत होते. रोज सकाळी कर्जतहून खोपोली लोकल पकडायची. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी आणि खोपोली. पुढे रिक्षा. बोरघाटाकडे जाणारे ट्रक कधी कधी असा काळा धूर सोडायचे की ओढणी नाकाला लावावी लागायची. तो धूर कशामुळे होतो याचं एक कारण मी लॅबमध्ये बाटलीत भरलेलं पाहिलं.

आपण पंपावर डिझेल म्हणून जे घेतो ते एकाच टाकीतून आलेलं एकच द्रव्य नसतं. क्रूडच्या डिस्टिलेशनमधून सरळ निघालेलं गॅस ऑइल, थोडं केरोसीन, जड तेल फोडून मिळवलेले प्रवाह, हायड्रोजनने शुद्ध केलेले प्रवाह, असं सगळं ठरलेल्या प्रमाणात मिसळून डिझेल बनतं. आपल्या आईच्या भाजणीसारखंच! यातला एक घटक म्हणजे लाइट सायकल ऑइल, थोडक्यात एलसीओ. कॅटॅलिटिक क्रॅकिंगच्या युनिटमधून हे येतं. त्यात अ‍ॅरोमॅटिक हायड्रोकार्बन, म्हणजे बेन्झीनसारखी कडी असलेले रेणू, खच्चून भरलेले असतात. अर्ध्याहून जास्त तेल हेच. काही रेणूंत एक कडी, काहींत दोन, काहींत तीन. कड्या वाढल्या की तेल इंजिनात नीट पेट घेत नाही, सीटेन नंबर घसरतो आणि काजळी वाढते. म्हणून आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन आलं तेव्हा एकापेक्षा जास्त कड्या असलेल्या अ‍ॅरोमॅटिकची मर्यादा ११ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणली गेली. ही मर्यादा पाळायची तर मिसळण्याआधी प्रत्येक घटकात काय आहे ते मोजावं लागतं.

अ‍ॅरोमॅटिक हा शब्द आपल्या तालुक्याला नवा नाही बरं का. खालापूर तालुक्यातल्याच रसायनीला हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स या सरकारी कंपनीचा कारखाना होता. कंपनीची स्थापना १९६० ची. बेन्झीनपासून नायट्रोबेन्झीन, त्यापासून अ‍ॅनिलीन, असं तिथे बनायचं. २०१७ मध्ये सरकारने तिथले प्लांट बंद करायचा निर्णय घेतला. आमच्या पुस्तकातली सेंद्रिय रसायनाची अर्धी चॅप्टर्स एकेकाळी इथून काही किलोमीटरवर प्रत्यक्ष चालत होती!

तर मूळ मुद्दा. मला एलसीओचं सॅम्पल दिलं आणि एचपीएलसी मशीनवर लावायला सांगितलं. मी आदल्या दिवशी साधं डिझेल केलं होतं. एक ग्रॅम सॅम्पल, हेप्टेन घालून दहा मिलिलिटर. आजही तेच केलं. ग्राफ आला तो बघून मी हबकले. पीक एवढे उंच गेले की कॅलिब्रेशनच्या रेषेच्या पार बाहेर. आता काय करावं? खरं सांगते, मनात आलं की आकडा थोडा इकडेतिकडे करून, शोभेल असा लिहून टाकावा. जर्नलमध्ये आपण सगळेच कधी ना कधी तसं करतो, नाही का? पण तिथल्या सरांनी ग्राफ पाहिलाच. रागावले नाहीत. जिथे अ‍ॅरोमॅटिक खच्चून भरलेत तिथे सॅम्पल आणखी पातळ करायचं असतं, एवढं समजावलं आणि पुन्हा करायला लावलं. मग सहज विचारलं की हे मशीन कोणाच्या डोक्यातून आलं ते माहीत आहे का. मला नव्हतं माहीत. त्यांनी नाव सांगितलं, मिखाईल त्स्वेत. आणि रशियन भाषेत त्स्वेत म्हणजे रंग, हेही सांगितलं. त्या रात्री हॉस्टेलवर मी त्या माणसाबद्दल वाचत बसले ते दोन वाजेपर्यंत.

मिखाईल सेम्योनोविच त्स्वेत यांचा जन्म १४ मे १८७२ रोजी इटलीतल्या आस्ती गावी झाला. वडील रशियन, आई इटलीची. आईवडील प्रवासात होते, मुक्काम करता करता तिथेच बाळंतपण झालं. बाळाला जन्म देऊन थोड्याच काळात आई गेली. वडिलांना रशियात परतायचं होतं. एवढ्याशा नाजूक बाळाला घेऊन कसं जाणार? म्हणून त्याला स्वित्झर्लंडमध्ये लोझानला दाईकडे ठेवलं. लहानगा मिखाईल तिथेच वाढला. शाळा लोझान आणि जिनिव्हाला. बोलायची, विचार करायची भाषा फ्रेंच. नाव रशियन, जन्म इटलीत, शाळा स्विस. धड इकडचा ना धड तिकडचा!

१८९१ मध्ये ते जिनिव्हा विद्यापीठात गेले. वनस्पतीशास्त्राची ओढ लागली. तिथेच १८९६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. वय अवघं चोवीस. आता पुढे काय? वडिलांच्या देशात जाऊन काम करायचं ठरवून ते रशियात गेले. आणि तिथे पहिला दणका बसला. परदेशातली डॉक्टरेट रशियात चालत नव्हती! विद्यापीठात नोकरी हवी तर आधी रशियन मास्टर्स पदवी आणा, मग रशियन डॉक्टरेट आणा. म्हणजे पीएचडी झालेल्या माणसाने पुन्हा खालच्या पायरीपासून सुरुवात करायची. आपल्यापैकी जे डिप्लोमावरून आले, ज्यांना पहिल्या वर्षाचं गणित वरून भरून काढावं लागलं, त्यांना हे दुखणं नीट समजेल.

त्स्वेत यांनी भांडण केलं नाही. सेंट पीटर्सबर्गमध्ये शिकवण्याची मिळतील ती कामं केली, प्रयोग चालू ठेवले आणि १९०१ मध्ये कझान विद्यापीठातून मास्टर्स मिळवली. त्यानंतर वॉर्सा विद्यापीठात सहायकाची जागा मिळाली. वॉर्सा तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. जागा छोटी, पगार छोटा. पण त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम याच शहरात झालं.

प्रश्न अगदी साधा होता. पानातला हिरवा रंग बाहेर कसा काढायचा? पान अल्कोहोलमध्ये घोटलं की रंग भराभर उतरतो. पण पेट्रोलियम ईथर या पेट्रोलियमच्या हलक्या द्रवात घोटलं तर पिवळसर कॅरोटीन तेवढं येतं, हिरवा रंग पानालाच चिकटून बसतो. गंमत अशी की तोच हिरवा रंग एकदा पानाबाहेर काढला तर पेट्रोलियम ईथरमध्ये मजेत विरघळतो. मग पानात असताना का नाही? बाकीच्यांना वाटायचं की अल्कोहोल रंगात काहीतरी रासायनिक बदल करतं. त्स्वेत यांनी वेगळा विचार केला. रंग बदलत नाहीये, तो पानाच्या पेशींना पृष्ठभागावर धरून बसलाय. अल्कोहोल ती पकड सोडवतं, पेट्रोलियम ईथरला ती सोडवता येत नाही. हे पडताळायला त्यांनी काय वापरलं? साधा गाळण कागद! पेट्रोलियम ईथरमध्ये विरघळवलेला रंग कागदावर घेतला. कागदाने रंग धरून ठेवला. पेट्रोलियम ईथरने तो सुटेना, अल्कोहोलचा थेंब पडताच सुटला. म्हणजे पानाचं काम कागदही करत होता.

इथे दुसरा कोणी थांबला असता. त्स्वेत पुढे गेले. प्रत्येक रंगाची पकड सारखी नसेल, तर या पकडीवरूनच रंग एकमेकांपासून वेगळे करता येतील, हे त्यांच्या लक्षात आलं. शंभराहून जास्त पदार्थांच्या भुकट्या त्यांनी तपासून पाहिल्या. शेवटी आवडली ती खडूची भुकटी. काचेच्या बारीक नळीत खडूची भुकटी ठासून भरायची, वरून पानांच्या रंगाचं द्रावण ओतायचं आणि मग शुद्ध सॉल्व्हंट सोडत राहायचं. हळूहळू नळीत पट्टे पडू लागले. वर पिवळट हिरवा, त्याखाली निळसर हिरवा, त्याखाली पिवळे पट्टे, आणि कॅरोटीन तर न थांबता खालून बाहेर. एक हिरवा समजत होतो तो निघाला दोन हिरव्यांचा. मग भुकटीचा तो दांडा नळीतून बाहेर ढकलायचा, पट्टे चाकूने कापायचे आणि प्रत्येक रंग वेगळा विरघळवून घ्यायचा.

कळायला अवघड वाटतंय? मग असं समजा. हॉस्टेलचा सगळा घोळका संध्याकाळी कर्जत स्टेशनवरून बाजाराच्या रस्त्याने निघाला. काही जण सरळ चालत जातात, त्यांना कशातच रस नाही. काही एका वडापावच्या गाडीपाशी थांबतात. आणि काही महाभाग प्रत्येक गाडीपाशी थांबणार, प्रत्येक दुकानात डोकावणार! निघताना सगळे एकत्र, पण रस्ता संपेपर्यंत तीन वेगळे घोळके झालेले असतात. क्रोमॅटोग्राफी म्हणजे एवढंच.

२१ मार्च १९०३ रोजी वॉर्सातल्या निसर्ग अभ्यासकांच्या सभेत त्स्वेत यांनी या पद्धतीची मांडणी केली. भाषण रशियनमध्ये, छापलं गेलं तिथल्याच वार्षिकात. बाहेर कोणाला पत्ता नाही. १९०६ मध्ये त्यांनी जर्मन बोटॅनिकल सोसायटीच्या नियतकालिकात दोन लेख लिहिले आणि पद्धतीला क्रोमॅटोग्राफी हे नाव दिलं. ग्रीक भाषेत क्रोमा म्हणजे रंग, आणि ग्राफी म्हणजे लिहिणं. रंगांचं लेखन! स्वतःचं आडनावच रंग असलेल्या माणसाने नाव देताना मनात थोडं हसू आणलं असेल का? मला तरी तसं वाटतं. १९०७ मध्ये त्यांनी जर्मनीत जाऊन शास्त्रज्ञांना प्रत्यक्ष रंगीत नळ्या दाखवल्या. त्याच वर्षी त्यांचं लग्न झालं.

आता वाटेल की झालं, जगाने डोक्यावर घेतलं. छे! पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, इथे तर कुठेच विकलं गेलं नाही. पोलिश रसायनशास्त्रज्ञ मार्खलेव्हस्की यांनी जाहीर टीका केली. गाळण्याच्या एका साध्या प्रयोगावरून एवढे मोठे निष्कर्ष कसे काढता, असा एकंदर सूर. त्या काळी रसायनशास्त्रज्ञ पदार्थ शुद्ध ठरवायचे ते स्फटिक पाडून, भरपूर प्रमाणात हातात घेऊन. त्स्वेत यांच्या नळीत मिळायचा तो नखाएवढा पट्टा. त्यात माणूस वनस्पतीशास्त्राचा! जर्मनीतले विल्श्टेटर हे क्लोरोफिलच्या अभ्यासातलं सगळ्यात मोठं नाव. त्यांनाही ही पद्धत पटली नाही, नळीत रंग बिघडतो असा त्यांचा आक्षेप होता. विल्श्टेटर यांना १९१५ चं नोबेल मिळालं, वनस्पतींच्या रंगांच्या कामासाठीच.

त्स्वेत मात्र काम करत राहिले. १९०८ पासून वॉर्साच्या पॉलिटेक्निकमध्ये शिकवू लागले. म्हणजे आपल्यासारख्या इंजिनीअरिंगच्या पोरांना! १९१० मध्ये सगळं संशोधन एका रशियन पुस्तकात मांडलं आणि त्यावरच रशियन डॉक्टरेट मिळवली. दुसरी डॉक्टरेट, पहिलीनंतर चौदा वर्षांनी. १९११ मध्ये रशियन विज्ञान अकादमीने त्या पुस्तकाला पुरस्कार दिला. पण पुस्तक रशियनमध्ये, आणि ते शास्त्र वाचणारे बहुतेक लोक जर्मनीत. पुस्तक कपाटात राहिलं.

मग पहिलं महायुद्ध आलं. १९१५ मध्ये जर्मन फौजा वॉर्सात शिरल्या. पॉलिटेक्निक आधी मॉस्कोला हलवलं, नंतर निझनी नोव्हगोरोदला. जमवलेलं घर, लॅब सगळं मागे सुटलं. तब्येत खालावत होती. १९१७ मध्ये, पंचेचाळिशीच्या उंबरठ्यावर, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण प्राध्यापकपद मिळालं. युरिएव्हला, ज्याला आज एस्टोनियातलं तार्तू म्हणतात. वर्षभरात तिथेही जर्मन फौजा आल्या आणि विद्यापीठातल्या रशियन लोकांना वोरोनेझला जावं लागलं. तिसरं स्थलांतर. १९१८ मध्ये हॉलंडच्या एका प्राध्यापकाने त्यांचं नाव नोबेलसाठी सुचवलं होतं. त्या वर्षीचं रसायनशास्त्राचं नोबेल गेलं फ्रिट्झ हाबर यांना, ज्यांची अमोनिया प्रोसेस आपल्या प्रत्येकाच्या सबमिशनमध्ये असते. २६ जून १९१९ रोजी वोरोनेझमध्ये मिखाईल त्स्वेत गेले. वय सत्तेचाळीस. त्यांच्या पद्धतीची चर्चा तेव्हा जवळपास कुठेच नव्हती.

गोष्ट इथे संपली असती तर मी लिहिलीच नसती.

१९३१ साल. जर्मनीत हायडेलबर्गला रिचर्ड कून यांच्या लॅबमध्ये एडगर लेडरर नावाचा तरुण कॅरोटीनवर काम करत होता. कॅरोटीन एकच की अनेक, हे काही केल्या सुटत नव्हतं. त्याच्या हातात त्स्वेत यांच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर आलं. आणि ते आलं कुठून माहितेय? विल्श्टेटर यांच्याकडून! ज्यांना पद्धत पटली नव्हती, त्यांनीच पूर्वी ते वाचण्यासाठी मिळवलं होतं. लेडररने नळी भरली, द्रावण ओतलं, आणि कॅरोटीनचे प्रकार वेगळे झाले. त्यानंतर मागे वळून पाहायची वेळ आली नाही. कून यांना १९३८ चं नोबेल मिळालं. क्रोमॅटोग्राफीचा एक नवा प्रकार १९४१ मध्ये मांडणाऱ्या मार्टिन आणि सिंज यांना १९५२ चं. आज औषधं, दूध, पाणी, डोपिंगची टेस्ट, काहीही तपासायचं असो, क्रोमॅटोग्राफीशिवाय पान हलत नाही.

पेट्रोलियमवाल्यांनी तर त्स्वेत यांची नळी जवळपास जशीच्या तशी उचलली. केरोसीन आणि विमानाच्या इंधनातले अ‍ॅरोमॅटिक मोजायची एक जुनी पद्धत आहे. लांब काचेच्या नळीत सिलिका जेल भरतात, सॅम्पलबरोबर चमकणारा रंग घालतात, अल्कोहोलने खाली ढकलतात आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याखाली पट्टे बघून चक्क पट्टीने मोजतात! डिझेलसारख्या जड इंधनाला ही पद्धत पुरत नाही. तिथे एचपीएलसी येतं. काचेच्या नळीऐवजी स्टीलचा कॉलम, खडूऐवजी कड्यांना धरून ठेवणारी बारीक भुकटी, डोळ्यांऐवजी प्रकाश किती वळतो ते मोजणारा डिटेक्टर. हेप्टेन वाहत असतं. बिनकडीचे अ‍ॅरोमॅटिक नसलेले रेणू आधी बाहेर, मग एक कडीवाले, मग दोन कड्यावाले. तीन आणि त्याहून जास्त कड्यावाले कॉलमला एवढे घट्ट धरून बसतात की शेवटी प्रवाहाची दिशा उलटी करून त्यांना बाहेर काढावं लागतं. मग एकापेक्षा जास्त कड्यांची बेरीज करायची आणि ८ टक्क्यांशी ताडून पाहायची. म्हणजे बोरघाट चढणाऱ्या ट्रकच्या टाकीत काय जाणार, ते ठरवण्यात पानाचा रंग शोधणाऱ्या त्या माणसाचा हात आहे.

सॅम्पल आणखी पातळ करून मी पुन्हा लावलं. या वेळी पीक रेषेच्या आत आले, सुटे सुटे, सुरेख. आकडा मला हवा होता तसा नव्हता, पण खरा होता. त्स्वेत यांच्याकडून मी शिकले ते हेच. आधी नीट वेगळं करा, मग मत द्या. एकत्र ढवळलेल्या हिरव्याला एक हिरवा म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

आणि दुसरं. त्यांचं पुस्तक वीस वर्षं पडून राहिलं, कारण ज्यांनी वाचायला हवं त्यांची भाषा वेगळी होती आणि लिहिणाऱ्याची पदवी, नोकरी, गाव काहीच वजनदार नव्हतं. मला यावरून माझी रूममेट आठवते. क्रोमॅटोग्राफीचं गणित मला तिनेच समजावलं, मराठीत, मेसच्या टेबलावर. पण व्हायव्हाला इंग्रजीत प्रश्न आला की ती गप्प बसते आणि मी, जिला तिच्यापेक्षा कमी येतं, फाडफाड बोलून मार्क घेऊन जाते. किती दिवस हे मला माझ्या हुशारीमुळे वाटत होतं! तिच्यासारखे आपल्या हॉस्टेलमध्ये कितीतरी आहेत. ती सगळी न उघडलेली पुस्तकंच आहेत. आपल्या सर-मॅडमना एक विनंती करावीशी वाटते. व्हायव्हात कधीतरी एखादा प्रश्न मराठीत विचारून बघा. कोण जाणे, एका हिरव्यातून दोन हिरवे निघतील.

या लेखातले ऱ्हस्व-दीर्घ तिने तपासले आहेत. तरीही चूक सापडली तर ती माझी समजावी!

— तृतीय वर्ष, केमिकल इंजिनीअरिंग